अंगठाभर सिलिकॉन

मनोजला गाडी लागायची. घरच्या मेटाडोरमध्ये बसून तिवशापर्यंत जायचं म्हटलं तरी अर्ध्या वाटेत त्याचा चेहरा पिवळा पडायचा आणि उरलेला रस्ता तो पायी यायचा. शेतातलं मात्र त्याला सगळं कळायचं. शेवंतीच्या रोपाकडे नुसतं पाहून पाणी कमी पडलंय की जास्त झालंय, ते तो सांगायचा. पण फुलं शेतात उमलली तरी विकायची अमरावतीच्या बाजारात, आणि तिथवर ती रोज पहाटे कुणीतरी न्यायला हवीत. वर्षानुवर्षं ते काम त्याच्या वडिलांनी केलं, देवीदासनं. मग देवीदासच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशन झालं, तरी समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा चांदणीसारखा फुटतो, अशी त्याची तक्रार राहिली. एका सकाळी त्यानं अंगणात उभं राहून सुनेला हाक मारली.

"मंजुषा, बस."

"कुठी, मामाजी?"

"स्टेरिंगवर. अजून कुठी?"

मंजुषाला वाटलं, सासऱ्याची गंमत आहे. पण देवीदास दुसऱ्या दारानं आत शिरून शेजारच्या जागेवर जाऊन बसलाही होता. त्या दिवशी गाडी अंगणातून निघाली ती गोठ्याची कुडाची भिंत घेऊनच. मनोजची आई तेव्हा हयात होती, ती कपाळाला हात लावून बसली. देवीदास म्हणाला, "भिंत आपलीच हाये. उद्या बांधू." दुसऱ्या दिवशी त्यानं ती खरोखर बांधली आणि पुन्हा सुनेला गाडीवर बसवलं.

तो चांगला शिकवायचा. ओरडायचा नाही. गियर बदलताना कुरकुर आवाज झाला की नुसता "च्च" करायचा, जसं काही गाडीला लागलंय. "गाडीसंग बोलत चाल," म्हणायचा. "तिले काय होऊन राहिलं ते ते सांगते. आपुन आयकत नाही." आणि एक गोष्ट त्यानं तिच्याकडून घोटून घेतली होती: इंजिनच्या तेलाचा लाल दिवा लागला, तर पुढचा ढाबा, पुढचं गाव असं काही पाहायचं नाही. आहे तिथं गाडी कडेला घ्यायची आणि चावी फिरवायची.

वर्षभरात मंजुषा अमरावतीच्या फूलबाजारात ओळखीची झाली. इतर गाड्यांचे ड्रायव्हर तिला जागा करून देऊ लागले, नंतर नंतर भांडूही लागले, आणि भांडण सुरू झालं तेव्हा तिला पहिल्यांदा आपण त्यांच्यातल्याच झालो असं वाटलं. देवीदास रोज शेजारी असायचाच. सून गाडी चालवते आणि सासरा टोपल्या उतरवतो, हे पाहायची लोकांना सवय झाली.

गाडी मात्र म्हातारी झाली होती. यंदा दसऱ्यापासून तिच्या पोटाखाली तेल टपकायला लागलं. अंगण सारवलेलं, त्यावर सकाळी काळे ठिपके दिसायचे. दिवाळीच्या फराळाला बसल्या बसल्या मनोज म्हणाला, "इकून टाकू आता. भाड्याची गाडी लावू. पोट्टा येईन, माल घेऊन जाईन. तुमालेबी आराम, हिलेबी आराम."

देवीदासचा हात ताटातच थांबला. मंजुषानं ते पाहिलं. म्हाताऱ्याचा जीव आहे त्या गाडीत, तिच्या मनात आलं. ती लगेच म्हणाली, "काहून इकाची? थोडं तेल गयते, तं काय झालं? मी पाहीन."

मग ती भाऊबीजेला माहेरी दर्यापूरला गेली, आणि परत आली तर अंगण कोरडं ठाक. एक ठिपका नाही. देवीदासनं मोठ्या ऐटीत तिला एक रिकामी बाटली दाखवली. अकोल्याच्या कृषी प्रदर्शनात कुणीतरी विकत होता, इंजिनच्या तेलात घालायचं सिरॅमिकचं औषध.

"चिनी मातीचा लेप बसते आतून," देवीदास म्हणाला. "कपाले असते ना, तसा. घासनं बंद, गयनं बंद."

"आनि तेलाचं टपकनंबी बंद?"

"पाह्य ना तूच. अंगन तुह्यासमोर हाये."

मंजुषानं अंगण पाहिलं. समोर होतं ते खरंच होतं. मनोजनंही पाहिलं आणि विकायचा विषय सोडून दिला.

डिसेंबरात प्रतीक्षाचं लग्न निघालं. प्रतीक्षा म्हणजे देवीदासच्या मुलीची, सुभद्राची पोरगी. अकोल्याला जठारपेठेत ते लोक राहायचे. नवरदेव अमरावतीचा. मुहूर्त गोरजाचा होता, आणि मांडवाची सगळी फुलं आबाजींच्या मळ्यातली हवीत, असं नातीनं फोनवर बजावलं होतं. देवीदासनं महिनाभर आधीपासून एक वाफा कुणाला हात लावू दिला नाही. लग्नाच्या दिवशी उजाडता उजाडता पिवळी शेवंती, पांढरी शेवंती, झेंडू आणि गुलछडीच्या जुड्या असा माल भरून गाडी निघाली. मनोज घरच्यांसोबत रेल्वेनं येणार होता. रेल्वे त्याला लागत नसे.

अमरावती गेली, बडनेरा गेलं, मूर्तिजापूर मागे पडलं. थंडीचे दिवस, दोन्ही बाजूंना तूर फुलावर आलेली. देवीदास धोतराच्या सोग्यानं समोरची काच आतून पुसत होता. बोरगाव मंजू थोडं पुढं राहिलं असेल, तोच मंजुषाच्या समोर लाल दिवा लागला.

तिनं विचार केला नाही. गाडी कडेला घेतली, चावी फिरवली. सगळं शांत झालं.

"काय झालं?" देवीदासनं विचारलं.

"तेलाचा दिवा."

देवीदास खाली उतरला, वाकला, तेल मोजायची पट्टी काढून पाहिली. तेल होतं. जेवढं पाहिजे तेवढं होतं. तरी दिवा लागला होता. त्याच्या तोंडावरचा रंग उतरलेला मंजुषाला दिसला, पण तो लग्नाच्या काळजीनं, असं तिला वाटलं.

तिनं फोन करून बोरगावच्या एका गॅरेजचा नंबर मिळवला. नागसेन नावाचा मेस्त्री होता. दुसऱ्या कामात आहे, थोड्या वेळात जीप घेऊन ओढायला येतो, म्हणाला. पण फुलांचं काय? ऊन चढायला लागलं होतं. देवीदास रस्त्यावर उभा राहून येणाऱ्या गाड्यांना हात दाखवू लागला. ट्रक थांबेनात. मग लांबून एक बस आली. पुढच्या काचेवर झेंडूची माळ, काचेच्या कोपऱ्यात चिकटवलेला कागद, त्यावर दोन नावं. त्यातलं एक प्रतीक्षाचं होतं.

देवीदासनं झटकन हात खाली घेतला.

"मामाजी, काहून? थांबवा ना!"

"अव, हे वऱ्हाड हाये आपल्या प्रतीक्षाच्या नवरदेवाचं! पोरीकडची मानसं आपुन. व्याह्यायच्या गाडीले हात दाखवू? काय म्हनतीन ते?"

मंजुषानं काही ऐकलं नाही. ती पदर खोचून सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. बस थांबली. दारातून आधी एक मोठं कुंकू बाहेर आलं आणि त्याच्यामागं नवरदेवाची आत्या, पार्बताबाई. तिनं फुलांनी भरलेली गाडी पाहिली, मंजुषाला पाहिलं आणि बाजूला खाली मान घालून उभ्या असलेल्या देवीदासला पाहिलं.

"नवरीचे आबाजी ना तुमी? साखरपुड्यात पाह्यलं होतं."

"हो जी," देवीदास पुटपुटला.

"मांडवाची फुलं आमच्या बसमंदी जातीन, तं मान कोनाचा व्हाचा? आमचा का तुमचा?"

देवीदास धोतराचा सोगा सावरू लागला. तेव्हा पार्बताबाईच खदखदून हसली आणि बसमध्ये तोंड घालून ओरडली, "उतरा रे पोट्टेहो! टोपले घ्या! फुलं दबली तं एकालेबी जेवाले भेटनार नाही!"

मग जे झालं ते मंजुषा पुढं कित्येकांना सांगत राहिली. नवरदेवाचे काका, मामा, सूट घातलेले मित्र, सगळे टोपल्या घेऊन रांगेनं बसमध्ये चढले. जागा कमी पडली तेव्हा बायकांनी मांडीवर शेवंती घेतली. बसच्या मधल्या वाटेत झेंडूचा ढीग लागला. देवीदासच्या हातात गुलछडीच्या जुड्या देऊन त्याला ड्रायव्हरच्या मागच्या मानाच्या जागेवर बसवलं. तो जायला तयार नव्हता.

"गाडी सोडून कसा जाऊ?"

"मी हाव ना गाडीपाशी. तुमी नाही गेले तं मांडव कोन लावीन? त्या लोकायले झेंडू कुठी आनि गुलछडी कुठी ते समजते काय?"

हे त्याला पटलं. पण बस सुरू झाल्यावर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन तो ओरडला, "चेंबर खोलू देऊ नोको कोनाले! मी आलो का पाहू!"

चेंबर म्हणजे इंजिनच्या पोटाखालचं तेलाचं भांडं. ते खोलायला मामाजी काहून नाही म्हणून राहिले, मंजुषाला कळेना.

नागसेन आला तो दोरखंड घेऊनच. पस्तिशीचा, मितभाषी, कानाच्या मागं पेन्सिल अडकवलेला माणूस. त्यानं गाडी ओढत गॅरेजवर नेली, खाली सरपटत जाऊन टॉर्चनं पाहिलं आणि बाहेर येऊन म्हणाला, "ताई, चेंबर खोला लागते."

"खोलायचं नाही, असं सांगून गेले माहे सासरे."

"मंग दिवा काहून लागला ते कसं समजीन?"

मंजुषानं थोडा विचार केला. गाडी तिची होती, निदान आज तरी तीच चालवत होती. "खोला," ती म्हणाली.

तेल घमेल्यात काढून झालं. बोल्ट सुटले, तरी चेंबर सुटेना. पातळ पात्याची पट्टी कडेनं फिरवून नागसेननं ते उकललं. खाली आणून उजेडात ठेवलं तर कडेकडेनं सगळा लाल सिलिकॉनचा थर. नळीतून पिळून लावतात आणि सुकल्यावर रबरासारखा होतो, तोच. बाहेर दिसत होता त्याच्या दुप्पट आत शिरलेला. त्याचे धागे, तुकडे, गोळे सुटून तेलात पडले होते, आणि तेल ओढून घेणाऱ्या नळीच्या तोंडाशी जी जाळी असते ती लाल चिंध्यांनी बुजून गेली होती. तळाशी पांढरा गाळ बसला होता, तो बाटलीतल्या सिरॅमिकच्या औषधाचा.

"हे पाहा," नागसेन म्हणाला, "चेंबरात तेल होतं. वर मात्र जातच नव्हतं. तुमी लगेच बंद केली म्हनून. अजून थोडी चालवली असती, तं आज इथून क्रेननं गेली असती."

"हे सिलिकॉन वाईट असते का?"

"नाही जी. लय चांगली चीज. गरमीले भेत नाही. इंजिनच्या तेलातबी कंपनी सिलिकॉनचा एखादा थेंब टाकते, फेस होऊ नये म्हनून. पन थेंब. इथं कोनी बारीक रेघ मारन्याच्या ऐवजी पुरनपोयीले तूप लावावं तसं लावलं." मग त्याचा आवाज चढला. "कोनता मेस्त्री होता? नाव सांगा त्याचं. असा मानूस लोकाच्या जिवावर उठते."

मंजुषा खाली बसली होती. चेंबरच्या कडेवर, जिथं थर सगळ्यात जाड होता, तिथं लावणाऱ्यानं अंगठ्यानं दाबून तो सारखा केला होता. ओल्या सिलिकॉनवर उमटलेला अंगठा सुकून तसाच राहिला होता. रुंद, चपटा, आणि मधून आडवी गेलेली एक खाच. शेवंती कापताना विळा लागून झालेली ती जखम मंजुषानंच हळद दाबून बांधली होती.

ती म्हाताऱ्या माणसाची बोटं, ते दुखरे गुडघे, आणि भाऊबीजेला घरात कुणी नसताना गाडीखाली पोत्यावर निजून केलेलं हे काम तिच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. तिनं त्या खाचेवरून बोट फिरवलं आणि तिला हसू आलं.

"मेस्त्री नव्हता कोनी," ती म्हणाली. "म्याच लावलं."

नागसेननं तिच्याकडे पाहिलं, चेंबरवरच्या ठशाकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्या हाताकडे.

"तुमचा आंगठा लहान हाये, ताई."

मंजुषानं हात पदराखाली घेतला.

"बरं," नागसेन म्हणाला आणि खरवडणी हातात घेतली. "तुमीच लावलं."

त्यानंतर त्यानं कुणाला नावं ठेवली नाहीत. जाळी डिझेलमध्ये धुतली, गाळ पुसून काढला, कडा चकचकीत होईपर्यंत घासल्या. खरी गळती कुठून होती तेही शोधलं. इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, क्रँकच्या, पुढच्या टोकाला तेल अडवणारी जी सील नावाची रबराची कडी असते, ती उन्हातान्हात आणि गरमीत कडक होऊन बांगडीसारखी झाली होती. बोटानं दाबली तर तडकली. म्हाताऱ्यानं तिच्यावरही बाहेरून थोपलं होतं. नागसेननं दुकानातून नवी काढली, तांबूस रंगाची, मऊ.

"हे बी सिलिकॉनच," तो म्हणाला. "पन साच्यातून निंगालेलं. जिथं जेवढं पाह्यजे तेवढंच."

चेंबर बसवताना त्यानं नळी मंजुषाच्या हातात दिली. "मारा रेघ. पुढच्या टायमाले तुमालेच लावा लागीन ना." तिनं मारली. दोनदा वाकडी गेली, पुसून पुन्हा मारली. सिलिकॉन सुकेपर्यंत तेल भरायचं नाही, म्हणून दोघं चहा पीत बसले, आणि नागसेननं तिला आपल्या बायकोबद्दल सांगितलं, जी अकोल्याला परिचारिका होती आणि गॅरेजच्या वासाचं त्याला कधीच काही म्हणत नसे, फक्त जेवायच्या आधी दोनदा हात धुवायला लावायची.

दिवस कलायला आला तेव्हा मंजुषा जठारपेठेत पोचली. वरात मंगल कार्यालयाच्या अलीकडच्या चौकात अडकून नाचत होती. कार्यालयाच्या दारावर पिवळ्या पांढऱ्या शेवंतीची कमान अशी झाली होती, की ती गाडीतून उतरून क्षणभर तशीच उभी राहिली. देवीदास दाराशीच होता. नवं धोतर, कपाळाला गंध, डोक्याला फेटा. सगळे आत असताना तो एकटा बाहेर रस्त्याकडे पाहत होता.

तिला पाहून तो चार पावलं धावलाच. मग थांबला.

"जेवले तुमी?" तिनं विचारलं.

"तू यायच्या आंदी?" तो म्हणाला. मग गाडीकडे न पाहता, "चेंबर खोललं?"

"खोललं."

"जायीत अडकलं होतं?"

"हो."

"लाल?"

"लाल."

देवीदास खाली बसला, कार्यालयाच्या पायरीवर. फेटा काढून मांडीवर ठेवला. "इंजिन?"

"वाचलं. मामाजी, असं काहून केलं तुमी? तेल गयत होतं तं मले सांगायचं. सील बदलून आनलं असतं. एवढा जीव हाये तुमचा गाडीत..."

"माहा?" तो तिच्याकडे बघतच राहिला. "माहा कायचा जीव? लोखंड हाये ते. पाठ आखडून जाते मही त्या शीटवर बसून."

"मंग?"

"मनोज म्हने इकू, भाड्यानं लावू. म्हनजे तू घरी." त्यानं हात हलवला, तो शब्द शोधत होता. "तू गाडीवर बसली ना बाप्पा, का तू येगळीच दिसतं. अमरावतीच्या पुलावर चढली का गुनगुनतं. तुले मालूम नाही, पन गुनगुनतं. घरात कदी आयकलं नाही म्या तुले. मले वाटलं, अंगनात तेल दिसलं नाही तं इकायची गोष्ट निंगनार नाही."

मंजुषा पायरीवर त्याच्या शेजारी बसली. सासऱ्याच्या शेजारी ती घराबाहेर कधी अशी बसली नव्हती. गाडीत बसायची ती गोष्ट वेगळी.

"मामाजी, मी दिवाईले नाही म्हनलं ते तुमच्यासाठी. मले तं वाटत होतं का नवी घ्यावी. हिचा दुसरा गियर माह्या खांद्याले लागते."

"तुले नवी पाह्यजे होती?"

"हो ना."

"आनि म्या पोत्यावर निजून..." देवीदासनं तोंडावर हात धरला. त्याचे खांदे हलायला लागले. मंजुषा घाबरली, पण तो हसत होता. आधी आवाज न करता, मग मोठ्यानं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ते पाहून तीही सुटली. चौकातून वरात वळली आणि पुढं नाचत येणाऱ्या पार्बताबाईनं पाहिलं, की नवरीचे आबाजी आणि मामी पायरीवर बसून एकमेकांकडे पाहून हसताहेत. काय झालं ते न विचारता तिनं दोघांना हाताला धरून उठवलं आणि वरातीत ओढलं. देवीदास नाचला. फेटा हातात तसाच राहिला.

चैत्रात त्यांनी जुनी गाडी नागसेनला दिली. त्याला गॅरेजचं सामान आणायला हवी होती, आणि तिचं इंजिन आतून कसं आहे हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. नवी घेतली ती पूर्ण नवी नव्हती, पण घट्ट होती, आणि तिचा दुसरा गियर एका बोटानं पडायचा. मनोजनं पूजा केली, नारळ फोडला आणि गाडीत न बसता टाळ्या वाजवल्या.

पहिल्या सकाळी मोगरा भरून दोघं निघाली. देवीदास शेजारी बसला. त्यानं काच खाली केली, वर केली, सीटवर हात फिरवून पाहिला. जुन्या गाडीत इतक्या वर्षांत तो एकदाही झोपला नव्हता; सगळा रस्ता कान टवकारून इंजिन ऐकत असायचा. आज तिवसा मागे पडायच्या आतच त्याची मान कलली. मंजुषानं पाहिलं, गाडीचा वेग थोडा कमी केला, आणि पुढचा खड्डा त्याचं डोकं काचेवर आपटू न देता हळूच चुकवला.